नांदेड रस्त्याची डावी बाजू

मी भौतिकशास्त्र शिकवते ते कनिष्ठ महाविद्यालय लातूर शहरातल्या माझ्या घरापासून नांदेड रस्त्यावर बारा-तेरा किलोमीटरवर आहे. हे अंतर सायकलने कापायचे असे मनात आले तेव्हा दम टिकेल की नाही याची मला फारशी चिंता वाटली नाही; त्या रस्त्यावर सायकल घालणे शहाणपणाचे आहे का, हाच खरा प्रश्न होता. हा रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा भाग आहे. त्यावरून मालमोटारी, एसटी, खाजगी बस, वाळूचे टिप्पर, शेतमालाचे टेम्पो आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर असे सगळेच धावत असते. आजूबाजूच्या गावांतून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी याच रस्त्याचा काही भाग रोज सायकलने पार करतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळते, पण महामार्गावर ती कशी चालवावी हे सांगणारे कोणी मिळत नाही. पालकसभेत एका गृहस्थांनी मला सरळच विचारले, "मॅडम, तुम्ही स्कूटीवर येताव, आमच्या पोरी सायकलवर. त्यांनी कसं यावं ते तुम्हीच सांगा की." सांगायचे तर आधी स्वतः चालवून पाहिले पाहिजे, या विचाराने मी सायकल बाहेर काढली.

ती माझ्या मुलीची जुनी, बिनगिअरची सायकल. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून ती घरी नुसती उभी होती. मी ती गंजगोलाईजवळ दुरुस्तीचे दुकान असलेल्या एका वयस्कर चाचांकडे नेली. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या गर्दीत उभा जन्म काढलेल्या माणसाला सायकल पळण्यापेक्षा ती थांबण्याची काळजी अधिक असावी, हे ओघानेच आले. "मॅडम, पळती किती ते नंतर बघू, थांबती का ते आधी बघू," असे म्हणत त्यांनी एकेक चाक उचलून फिरवले आणि ब्रेक दाबून पाहिला. ब्रेकचे रबर झिजून दगडासारखे कडक झाले होते, आणि त्यातले एक रिमला न लागता टायरला घासत होते. तशीच सायकल चालवत राहिले असते तर टायरची कड कापली जाऊन भर रस्त्यात ट्यूब फुटली असती. त्यांनी रबर आणि तारा बदलल्या, सैल आरे आवळले, पुढच्या चाकाचे नट पान्याने तपासले. सीट इतकी खाली घेतली की बसल्या जागी दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकावेत. पाय आखडून चालवल्याने चढावर थोडा जोर जास्त लागतो, पण अचानक थांबावे लागल्यावर तोल जात नाही, हा सौदा मला पटला. चेनचे अर्धे कव्हर काढून त्यांनी पूर्ण कव्हर बसवले, कारण पंजाबी ड्रेसची ओढणी किंवा सलवारीचा घोळ चेनमध्ये अडकून पडलेल्या बायका त्यांनी बऱ्याच पाहिल्या होत्या. ओढणी मी तेव्हापासून पाठीमागे गाठ मारून कमरेला खोचते. हँडलला पिशवी अडकवण्याची आपल्याकडची सर्रास सवयही त्यांनी त्याच दिवशी मोडायला लावली. पिशवी झुलत आऱ्यांत गेली की पुढचे चाक जागच्या जागी अडते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

पुढच्या ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. तो दाबला की सायकल उलटते असे लहानपणापासून आपल्या कानांवर पडलेले असते, त्यामुळे बहुतेक मुली केवळ मागचाच ब्रेक वापरतात आणि पुढच्या ब्रेकची तार तुटली तरी महिनोन् महिने ती बदलून घेत नाहीत. वस्तुतः वेग कमी होऊ लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होते आणि थोड्याशा दाबानेही घसरू लागते, म्हणजे सायकल थांबवण्याचे मोठे काम पुढच्याच चाकाला करावे लागते. दोन्ही ब्रेक एकाच वेळी, दाब हळूहळू वाढवत लावायचे आणि त्याच वेळी अंग किंचित मागे रेटायचे, याचा सराव मी आधी महाविद्यालयाच्या मैदानावर केला व नंतर मुलींकडून करून घेतला. केवळ मागचा ब्रेक आणि दोन्ही ब्रेक यांनी थांबायला लागणारे अंतर मैदानावर चुन्याच्या रेषांनी दाखवल्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही. मुरमावर, वाळूवर आणि वळणावर मात्र पुढचा ब्रेक जपूनच लावावा लागतो.

रस्त्यावर उतरण्यापूर्वी एका रविवारी मी आणि माझे पती मोटारसायकलवरून सगळा मार्ग सावकाश पाहून आलो. साइडपट्टी कुठे खचली आहे, पुलाचे कठडे कुठे रस्त्याला चिकटून आहेत, ढाब्यांतून मालमोटारी कुठे अचानक बाहेर येतात आणि कुत्र्यांची टोळी कोणत्या फाट्यावर बसते, हे सगळे मी वहीत टिपून घेतले. शहरातून बाहेर पडणारा विवेकानंद चौक ते गरुड चौक हा टप्पा मला महामार्गापेक्षा अवघड वाटला. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांमुळे सकाळी तिथे विद्यार्थ्यांच्या दुचाकींची झुंबड उडते, रिक्षा हात दाखवला की आहे तिथेच थांबते आणि उभ्या मोटारीचा दरवाजा कोणत्या क्षणी उघडेल याचा भरवसा नसतो. उभ्या वाहनांच्या ओळीपासून पूर्ण उघडलेल्या दरवाजाएवढे अंतर ठेवूनच पुढे जायचे आणि दोन वाहनांमधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करत नागमोडी चालवायचे नाही, हा नियम मी त्या टप्प्यासाठी करून टाकला. सरळ रेषेत चालणाऱ्या सायकलीचा मागच्याला अंदाज येतो. आत शिरून पुन्हा बाहेर येणारी सायकल त्याच्या दृष्टीने दर वेळी नव्याने उगवते.

वहीत एक गोष्ट मी नंतर लिहिली, कारण ती रविवारच्या दुपारी दिसण्यासारखी नव्हती. लातूरहून निघालेला हा रस्ता साधारणपणे पूर्वेला, किंचित ईशान्येकडे झुकून जातो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मी घरून निघते तेव्हा सूर्य नेमका समोर असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी परतताना मावळतीचा सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असल्याने तोही समोरच येतो. मला डोळ्यांवर टोपीची झडप ओढून घेता येते; अडचण माझ्या मागून येणाऱ्या चालकाची आहे. त्याच्या धुळकट काचेवर ऊन पडले की काच पांढरी होते आणि त्या पांढरेपणात पुढची सायकल विरघळून जाते. आपली सावली लांब होऊन पाठीमागे पडली असेल तर मागच्याला आपण दिसत नाही असे धरून चालायचे, ही खूण मी मुलींनाही दिली आहे. अशा वेळी मी घरून थोडी उशिरा निघता येते का ते पाहते, आणि ते जमण्यासारखे नसेल तर मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवते.

घरात खरा वाद झाला तो बाजूवरून. माझे सासरे आयुष्यभर सायकल चालवलेले गृहस्थ. ते म्हणाले, "सूनबाई, उजव्या अंगानं जात जा. समोरून येणारं दिसतंय तरी. मागून येऊन कोण ठोकलं तर कळणार बी नाही." हा सल्ला आपल्या भागात इतका रुजलेला आहे की आमच्या निम्म्या मुली उजवीकडूनच यायच्या. त्याचे मूळ पायी चालण्याच्या नियमात असावे: पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे हे बरोबरच आहे, कारण तो एका पावलात बाजूला होऊ शकतो. सायकलला ते जमत नाही. मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडले. सायकलचा वेग ताशी 15 किलोमीटर आणि मोटारीचा 65 धरला, तर एकाच दिशेने जाताना दोघांमधले अंतर ताशी 50 किलोमीटर या वेगाने कमी होते, समोरासमोर असताना 80 या वेगाने. चालकाला आपण 100 मीटरवरून दिसलो असे मानले, तर डावीकडून जाताना त्याच्या हाती सुमारे सात सेकंद असतात, उजवीकडून जाताना साडेचार. धडक झालीच तर तिची तीव्रता वेगाच्या वर्गाबरोबर वाढत असल्याने 80 चा आघात 50 च्या अडीच पटींहून अधिक ठरतो. त्याहून महत्त्वाचे असे की आपण त्याच्याच दिशेने जात असू तर त्याला वेग कमी करून काही क्षण आपल्या मागे राहता येते. आपण समोरून येत असू तर तो जागच्या जागी थांबला तरी आपण त्याच्यावर जाऊन आदळतोच. शिवाय फाट्यावरून महामार्गाला लागणारा माणूस उजवीकडे पाहून डावीकडे वळतो, चुकीच्या बाजूने येणारी सायकल त्याच्या नजरेच्या कक्षेतच नसते. सासऱ्यांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि "मग आरसा तरी बसव" असा तोडगा सुचवला. तो मला मान्य झाला. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा गोल आरसा तेव्हापासून आहे. त्यात वाहन दिसते खरे, पण असल्या आरशात ते असते त्यापेक्षा दूर वाटते, म्हणून वळण्यापूर्वी मान मागे वळवून पाहणे सुटत नाही.

डावी बाजू ठरली तरी डावीकडे नेमके कुठे, हे ठरायला काही आठवडे गेले. नवा माणूस भीतीने अगदी डांबराच्या काठावरून चालवतो. काठ हीच या रस्त्यावरची वाईट जागा आहे: तिथे खडी साठते, बाभळीचे काटे पडतात, आणि साइडपट्टीचा मुरूम पावसाने वाहून गेलेला असल्याने डांबर व माती यांच्यात काही ठिकाणी वीतभर उंचीची पायरी तयार झालेली असते. चाक चुकून त्या पायरीखाली उतरले आणि चालत्या सायकलवरच ते तिरके वर चढवायला गेले, की चाक काठाला घासून अडते व माणूस उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला पडतो. चाक खाली उतरलेच तर उतरू द्यावे, मुरमावरच हळूहळू थांबावे आणि सायकल उचलून वर घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही. काठापासून दोन-अडीच फूट आत राहून चालवू लागल्यावर मला एक बदल जाणवला. काठावरून चालवताना मागून येणारी मोटार समोरून वाहन येत असतानाही शेजारच्या चिंचोळ्या जागेतून निसटून जाऊ पाहायची. थोडे आत राहिल्यावर तिला मला ओलांडण्यासाठी बाजूला व्हावे लागते, आणि बाजूला होण्यासाठी आधी समोरचा रस्ता मोकळा आहे का ते पाहावे लागते. शिवाय बस वेगाने शेजारून गेली की तिच्या पुढच्या भागाने सारलेली हवा आधी बाहेर ढकलते आणि मागच्या भागाजवळची पोकळी आत ओढते. हे झटके सोसायला डावीकडे तेवढी मोकळी जागा हाताशी राहते. हँडल घट्ट आणि कोपर सैल, असे मी मुलींना सांगते.

अरुंद पुलावर मात्र हे अंतरही पुरत नाही. आमच्या वाटेवर एक जुना पूल आहे, त्याला साइडपट्टी नाही आणि कठडे अंगावर येतात. तिथे मी पुलाच्या बरीच अलीकडे मागे वळून पाहते, मागे मोठे वाहन असेल तर मुरमावर उतरून त्याला जाऊ देते, आणि मागे मोकळे असेल तर उजवा हात दाखवून रस्त्याच्या आपल्या बाजूच्या पट्ट्याच्या मध्यभागी येते व पूल संपेपर्यंत तिथेच राहते. एखादा चालक भोंगा वाजवतो. भोंगा वाजवणाऱ्याला आपण दिसलेलो असतो, त्यामुळे त्या आवाजाची मला भीती वाटत नाही; मागून एखादे वाहन आवाज न करता चिकटून येते तेव्हाच अधिक सावध व्हावे लागते.

मुलींना शिकवायला मी मागे वळून पाहण्यापासून सुरुवात केली, आणि हेच सगळ्यांत कठीण निघाले. मान उजवीकडे वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळते आणि सायकल वाहनांच्या वाटेत शिरते. मैदानावर चुन्याची सरळ रेघ मारून मी एकीला मागे उभी केली. पुढून जाणारीने मान वळवून तिची बोटे मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा, पण चाक रेघेवरून हलता कामा नये. पहिल्या दिवशी मैदान हसण्यानेच भरून गेले. आठवड्याभरात बहुतेकींना जमले, काहींना महिना लागला. ज्यांना जमले नाही त्यांनी रस्ता ओलांडण्यापूर्वी थांबायचे असे ठरवले. उजवीकडच्या गावात वळायचे असेल तर चालत्या वाहतुकीतून आडवे जायचे नाही. फाट्याच्या थोडे पुढे डावीकडे थांबून उतरायचे आणि दोन्ही बाजू पाहून सायकल हातात धरून पलीकडे जायचे, हा नियम तर मी सगळ्यांनाच लावला. दोघी-तिघींनी गप्पा मारत शेजारी-शेजारी चालवायचे नाही. एकामागे एक, मध्ये दोन सायकलींएवढी जागा, सर्वांत अनुभवी मुलगी शेवटी, आणि मागून मोठे वाहन आले की ती "गाडी" असे ओरडणार. कानात इअरफोन नाही. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधायला हरकत नाही, पण तो कानशिलांच्या पुढे येऊन बाजूचे दिसणे झाकणार नाही असा बांधायचा.

नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे गाळप सुरू झाले आणि रस्त्याचे रूपच पालटले. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या कडांबाहेर लोंबणारा ऊस, चढावर रांगणारी आणि उतारावर सापासारखी हेलकावणारी ती लांबण. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलेल्या एका चालकाला मी विचारले की आमच्या मुली तुम्हाला मागून किंवा बाजूने दिसतात का. तो हसला. "मॅडम, मागचं सोडा, बाजूचं बी दिसत न्हाई. आरशात नुसता ऊस दिसतोय. पोरी कवा आल्या, कवा गेल्या, मला काय कळणार?" मी त्याला विनंती केली की मुलींना तुझ्या जागेवर बसून हे पाहू दे. त्याला गंमत वाटली, पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी त्याने भरलेला ट्रॅक्टर मैदानाच्या फाटकाशी आणून उभा केला आणि इंजिन बंद करून किल्ली माझ्या हातात दिली.

एकेक मुलगी चालकाच्या सीटवर चढली. बाकीच्या सायकली घेऊन मी सांगेन तिथे उभ्या राहिल्या: पहिल्या ट्रॉलीच्या डावीकडे, दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांड्यापाशी, दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे. सीटवरच्या मुलीने दिसतात तेवढ्या मैत्रिणी मोजायच्या. मागे उभ्या असलेल्या सगळ्या आणि डावीकडच्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या. एक मुलगी खाली उतरून म्हणाली, "मॅडम, मी हात हालवलेला तिला दिसलाच न्हाई म्हणती." इतक्या दिवसांत मी जे सांगत होते ते सगळे त्या संध्याकाळी एका जागी बसले. मग त्या चालकानेच इंजिन चालू करून फाटकातून वळण घेऊन दाखवले. ट्रॅक्टर रुंद वळतो, पहिली ट्रॉली त्याहून आतून जाते आणि दुसरी आणखी आतून, अगदी कोपऱ्याला घासत. वळणाच्या आतल्या बाजूला सायकल असती तर तिला सुटायला जागाच उरली नसती. तेव्हापासून भरलेल्या ट्रॅक्टरला डावीकडून ओलांडायचे नाही, तो फाट्यावर मंदावला तर मागेच थांबायचे, आणि शेजारून जाताना बाहेर आलेल्या उसाची टोके लक्षात घेऊन हातभर अधिक अंतर ठेवायचे, हे मला कोणाला दुसऱ्यांदा सांगावे लागलेले नाही. रात्रीचा धोका त्यानेच सांगितला: पुष्कळ ट्रॅक्टरांचा पुढचा एकच दिवा चालू असतो, दुरून ती मोटारसायकल वाटते, आणि जवळ आल्यावर कळते की दिव्याच्या दुसऱ्या बाजूलाही चार-पाच फूट लोखंड आहे.

अंधाराचा प्रश्न जादा तासांमुळे उभा राहिला. बारावीचे जादा तास संपेपर्यंत डिसेंबरात सूर्य मावळलेला असायचा. केंद्र सरकारने 2020 मध्ये सायकलींवरच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. पण मुलींच्या सायकलींवर जे परावर्तक होते ते बऱ्याच ठिकाणी फुटलेले किंवा धुळीने माखलेले होते. लातूरच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मालमोटारींना लावतात ती चमकणारी पट्टी मीटरवर मिळते. मालमोटारींच्या नियमाप्रमाणेच पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल अशी ती आम्ही मडगार्डला, फ्रेमला आणि पायडलांच्या कडांना चिकटवली. पायडलवरची पट्टी सर्वांत उपयोगी ठरली असे माझे मत आहे, कारण स्थिर ठिपका मैलाच्या दगडाचाही असू शकतो, पण वर-खाली होणारा ठिपका पाहताच पुढे पाय चालवणारा माणूस आहे हे चालकाला कळते. पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या वाहनाचा प्रकाशझोत पडला तरच ती उजळते, म्हणून मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. भडक नारिंगी जाकीट दिवसा उत्तम दिसते, रात्री तो रंग काळपट पडतो आणि जाकिटावर चमकपट्टी नसेल तर त्याचा उपयोग उरत नाही. दिव्यांचे चार्जिंग महाविद्यालयाच्या कार्यालयात करण्याची सोय प्राचार्यांनी करून दिली. पुढे त्यांनी जादा तास सकाळी घेतले. दिवे आणि पट्ट्या मिळून जेवढे झाले असते, त्याहून जास्त त्या एका निर्णयाने झाले.

पावसाळ्यातल्या गोष्टी थोडक्यात सांगते. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकतात आणि पहिल्या सरीबरोबर तो साबणासारखा होतो. त्यावर ब्रेकही नाही, वळणही नाही, सायकल सरळ आणि सावकाश जाऊ द्यायची. साध्या सायकलींच्या स्टीलच्या चकचकीत रिमा ओल्या झाल्या की ब्रेक जवळपास धरत नाहीत, म्हणून थांबायच्या बऱ्याच आधीपासून तो हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी लागते. ऑक्टोबरात शेतकरी रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घालतात आणि राशीभोवती दगड मांडतात. धान्य उचलले जाते, दगड मात्र कधीकधी तिथेच राहतात. तिथे आधीच मागे पाहून उजवीकडे सरकून घ्यायचे, ऐनवेळी हँडल फिरवायचे नाही. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवण्याचा मोह होतो. मी थांबते, खाली उतरते आणि सायकल मध्ये धरून आवाज चढवते. पळणारी वस्तू नाहीशी झाली की बहुतेक कुत्र्यांचा उत्साह ओसरतो.

हेल्मेटविषयी मुलींनी सर्वांत जास्त कुरकुर केली. सायकलस्वाराला ते कायद्याने सक्तीचे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 मोटारसायकलींपुरते आहे. मी ते वापरते आणि आग्रहही धरते, पण ते सगळ्यांत शेवटी शिकवते, कारण बाकीचे सारे उपाय धडक टाळण्यासाठी आहेत आणि हेल्मेट धडक झाल्यानंतर कामाला येते, तेही मुख्यतः डोके आपटण्यापुरते. अंबाडा किंवा उंच बांधलेली वेणी असली की ते डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून वेणी मानेशी, खाली बांधायची. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे, पट्टे दोन्ही कानांखाली जुळलेले, हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे जातील एवढीच ढील. आतला फेस एकदा मोठ्या आघाताने दबला की पुन्हा पूर्ववत होत नाही, त्यामुळे पडताना आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलायचे. पैशांचा प्रश्न खरा आहे. काही पालकांनी घेऊन दिले, काहींना जमले नाही, आणि ज्यांना जमले नाही त्यांच्या मुलींना मी त्यावरून कधी अडवले नाही.

वर्षाअखेरच्या पालकसभेत एकाने विचारले की वाटेत कोणी पडलेले दिसले तर थांबावे का, पोलिसांचे लचांड मागे लागते म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 134-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे मी तिथे वाचून दाखवले व 108 क्रमांक फळ्यावर लिहिला. सभा संपल्यावर तोच ट्रॅक्टरचालक मला भेटायला आला. त्याची पुतणी आता आमच्याकडे शिकते. सायकलींना लावली तीच पट्टी ट्रॉल्यांना लावायची त्याची इच्छा होती. मागच्या फळीला लाल आणि बाजूंना पिवळी लावायची हे मी सांगितले. त्याने त्यात आपली भर घातली: दोन ट्रॉल्यांमधल्या दांड्यालाही दोन्ही बाजूंनी पट्टी हवी, कारण रात्री फाट्यावर ट्रॅक्टर आडवा असताना मधली जागा मोकळी समजून दुचाकीवाले तिथून घुसू पाहतात. त्या दांड्यावर ग्रीसचे थर असल्याने पट्टी चिकटत नाही. आधी तो डिझेलने पुसावा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा आणि पत्र्याची फळी जोडून तिच्यावर पट्टी लावावी, असे आमचे ठरले आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातल्या इतर ट्रॅक्टरमालकांनाही तो विचारणार आहे, म्हणून या खेपेला पट्टीचे पूर्ण भेंडोळे आणायचे आहे.